चालू कंडिशनमधला चिमटा

"झालं गेलं, सोडून द्या आता," असं मला बऱ्याच लोकांनी सांगितलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, शेजारच्यांनी सांगितलं, पुण्यात राहणारा माझा धाकटा भाऊ तर फोनवर दर वेळी सांगतो. मी सोडलेलं नाही. ज्या माणसानं मला तडा गेलेला चिमटा रंगवून विकला, त्याचा तो हसरा, अदबशीर चेहरा आठवला की अजूनही माझ्या हातातलं काम थांबतं.

चिमटा म्हणजे सायकलचा पुढचा दुफाटी भाग, ज्यात पुढचं चाक बसतं. त्याची वरची नळी हँडलला जोडलेली असते. सायकलचं बाकी काही मोडलं तर माणूस खाली उतरतो, चार शिव्या देतो आणि सायकल ढकलत घरी येतो. चिमटा मोडला तर माणूस तोंडावर पडतो. हे समजायला कुणी मिस्त्री असावं लागत नाही. जुन्या सायकलींचा धंदा करणाऱ्याला तर ते माहीत असणारच. म्हणूनच माझा राग जात नाही.

सायकल माझ्या आईची. आई तेर गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. लस द्यायला, बाळंतिणी बघायला तिला आसपासच्या गावांना, वस्त्यांवर जावं लागायचं. एसटी फक्त मोठ्या रस्त्यानं धावायची, वस्त्या सगळ्या आत. आईनं एक जुनी लेडीज सायकल घेतली. काळी, भक्कम, लोखंडी दांड्यांचे ब्रेक असलेली, परदेशी बनावटीची. ती कुणा साहेबाच्या घरातून निघाली होती म्हणे. आई पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचायची, औषधाची पेटी करिअरला बांधायची आणि निघायची.

त्या काळी आमच्याकडं बाईनं सायकल चालवणं म्हणजे तमाशाच होता. एका वस्तीवरच्या म्हाताऱ्यानं तिला पहिल्याच दिवशी अडवलं होतं. "सायकलवर बसून बाईमाणसानं आमच्या दारात यायचं न्हाय," तो म्हणाला. आई खाली उतरली, सायकल त्याच्याच हातात दिली, म्हणाली, "मग धरा ही, मी चालत आत जाते," आणि आत जाऊन त्याच्या सुनेला तपासून आली. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा तिथं जायची, तेव्हा तो म्हातारा स्वतः सायकल धरून उभा राहायचा. पोरांनी चाकातली हवा सोडू नये म्हणून.

मी धाराशिवला हायस्कुलात शिकवते. नवऱ्याची नोकरी लातूरला, ते शनिवारी येतात. वडील गेल्यापासून आई माझ्याकडं असते. येताना तिनं दोन ट्रंका आणल्या आणि ती सायकल आणली. सकाळी कॉलनीतल्या रस्त्यानं एक फेरी, आठवडी बाजाराच्या दिवशी भाजी, कुणाला इंजेक्शन द्यायचं असलं तर त्यांच्या घरी, असं तिचं सायकलवरचं आयुष्य चालूच होतं. वय सत्तरीच्या पुढं गेलेलं. पण गुडघे शाबूत, नजर शाबूत. ती कधी पडली नव्हती. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढं सगळं त्याच्यावरच आलं.

मागच्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आमच्या दारात मागं घेताना ड्रायव्हरनं तो सरळ सायकलवर घातला. पुढचं चाक जिलबीसारखं वळलं आणि चिमटा बाहेरच्या बाजूला फाकला. ड्रायव्हर बिचारा हात जोडून उभा राहिला. आई त्याला एवढंच म्हणाली, "बघून घ्यावं की रं बाबा." त्यानं नवीन चाक आणून दिलं. चिमट्याचं मात्र काही जमेना. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक चाचा आहेत, वर्षानुवर्षं आईची सायकल तेच बघतात. त्यांनी चिमटा सरळ करून पाहिला, मान हलवली.

"हे सरळ केलं तरी भरवशाचं न्हाय, बाई," ते म्हणाले. "आणि असला चिमटा आता कुठं मिळत न्हाय. ऑनलाइन का काय म्हणतेत, तिथं बघा. जुनं सामान विकतेत म्हणे लोक."

 सायकल पोर्चमध्ये बिनचाकाची उभी राहिली आणि आईचं घराबाहेर पडणं कमी झालं. सकाळी ती लवकर उठायची, केस विंचरायची, चप्पल घालायची आणि पोर्चमधून परत आत यायची. मला ते बघवेना. मी मोबाइलवर शोधायला लागले.

जुन्या वस्तू विकायचं एक ॲप आहे, त्यावर मला तो दिसला. अगदी तसाच चिमटा, तशाच बनावटीचा. फोटो असा काढलेला की जणू दागिनाच. लाकडी टेबल, शेजारी पितळी फुलदाणी, आणि मधे तो काळा चकचकीत चिमटा, त्याच्यावर बारीक सोनेरी रेघा. खाली लिहिलं होतं, "अस्सल जुना माल. ओरिजिनल. चालू कंडिशन. असा पीस पुन्हा मिळणार नाही." विकणारा सोलापूरचा.

मी शिक्षिका आहे, मला प्रश्न विचारायची सवय आहे. मी त्याला स्पष्ट लिहिलं, "माझ्या आईची सायकल आहे. ती रोज चालवणार आहे. चिमट्याला कुठं तडा, वेल्डिंग, वाकलेलं असं काही असेल तर आधी सांगा. मग मी घेणार नाही."

लगेच उत्तर आलं. "ताई, बिनधास्त घ्या. जुनं लोखंड आहे, आजकालच्यासारखा पत्रा नाही. एक नंबर चालू कंडिशन. फक्त रंगाचा हात मारलाय. आईंना नमस्कार सांगा." आणि जोडलेल्या हातांचं चित्र.

आईंना नमस्कार सांगा! तो निरोप मी आईला दिलासुद्धा. आई म्हणाली, "चांगला माणूस दिसतोय."

पार्सल आलं ते वर्तमानपत्रात, त्यावर पुठ्ठ्यात, त्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. इतकं निगुतीनं बांधलं होतं की उघडताना मला त्या माणसाचं कौतुकच वाटलं. चिमटा हातात घेतला तर जड, गार, आरशासारखा. रंगाचा वास अजून येत होता. चाचांनीही तो फिरवून बघितला, नळीचे आटे बघितले, म्हणाले, "माप बरोबर आहे." त्यांनी छर्रे नवीन घातले, ग्रीस भरलं, ब्रेकच्या दांड्या जोडल्या, चाक बसवलं. रंगाच्या खाली काय आहे ते त्यांना दिसलं नाही. मला दिसलं नाही. दिसू नये म्हणूनच तर तो रंग मारला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली. मी फाटकात उभी होते. पदर खोचून, एक पाय पायडलवर ठेवून तिनं दोन टप्पे घेतले आणि बसली. तिच्या चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं. ड्युटीवर निघालेल्या बाईचा चेहरा होता तो. सरळ बघणारा, बाकी कशाशी घेणंदेणं नसलेला. पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, वळली, परत यायला लागली. आमच्या घराच्या अलीकडं एक गतिरोधक आहे. आई त्याच्यावरून कायम हळू जायची, त्या दिवशीही हळूच गेली.

कट्ट असा आवाज आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. पुढचं चाक चिमट्याच्या पायांसकट एकटंच पुढं निघालं आणि गटारीच्या कडेला जाऊन आडवं झालं. हँडल खाली गेलं. आई हँडलवरून पुढं रस्त्यावर पडली.

मी कशी पळत गेले ते मला आठवत नाही. पोचले तेव्हा आई उठून बसली होती. हनुवटीतून रक्त गळत होतं, पदर लाल झाला होता. उजवा हात तिनं डाव्या हातानं धरला होता आणि ती त्याच्याकडं दुसऱ्याच कुणाचा तरी हात असल्यासारखी बघत होती.

"मनगट गेलंय," ती म्हणाली. "हाड सरकलंय. रडू नको. तुझी ओढणी दे इकडं, झोळी करू."

ओढणीला गाठ मारायला एक हात कमी पडत होता, तेवढं मी केलं. बाकी सगळं तिनं स्वतःच सांगितलं, कुठून घ्यायचं, किती ताणायचं. समोरच्या घरातली बाई दूध घ्यायला बाहेर आली होती. तिचं पहिलं वाक्य होतं, "अगं बाई! पण या वयात सायकल कशाला चालवायची म्हणते मी!"

हे वाक्य पुढचे कितीतरी दिवस आमचा पिच्छा सोडेना. दवाखान्यात हनुवटीला टाके घालणारा तरुण डॉक्टर म्हणाला, "आजी, या वयात सायकल?" आई आडवी पडूनच म्हणाली, "वयानं न्हाय मोडलं, डॉक्टर. चिमट्यानं मोडलं." तो हसला. त्याला वाटलं आजी विनोद करतेय. प्लास्टर घालणारा म्हणाला, "आता देवाचं नाव घेत बसायचं, आजी." रिक्षावाल्यानं सांगितलं. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी बिस्किटांच्या पुड्यांबरोबर तेच आणलं. भावानं फोनवर मलाच धरलं. "ताई, तू तिला सायकल देतेसच कशी? तुला कळत नाही का?"

"चिमटा मोडला, अरे. विकणाऱ्यानं फसवलं," मी म्हणाले.

"ते ठीक आहे गं. पण तिनं चालवलीच नसती तर?"

तिनं चालवलीच नसती तर! म्हणजे चोराचं काही नाही, घरात सामान ठेवलंच का म्हणून घरच्यांना जाब. मी फोन ठेवून दिला. एका माणसानं तरी विचारावं ना, की कोण हा विकणारा? त्यानं काय केलं? कुणीच विचारलं नाही. सगळ्यांना आईचं वय तेवढं दिसत होतं.

आई पडली त्याच दिवशी संध्याकाळी मी मोडका चिमटा अंगणात उजेडाला धरून बघितला. जिथं त्याचे दोन पाय वरच्या नळीला मिळतात, तिथं तो तुटला होता. तुटलेल्या जागेचा निम्मा भाग नवाकोरा, चांदीसारखा चमकत होता. उरलेला निम्मा भाग गंजून तपकिरी झाला होता. तो तडा कित्येक वर्षांचा होता. आणि तड्याच्या तोंडाशी राखाडी पुट्टीचा थर होता, घासून गुळगुळीत केलेला. त्याच्यावर काळा रंग. त्याच्यावर ती सोनेरी रेघ, अगदी तड्यावरूनच नेलेली.

तोपर्यंत मला वाटत होतं, त्यालाही माहीत नसेल. पुट्टी बघितल्यावर तो प्रश्न मिटला. तडा दिसल्याशिवाय तड्यात पुट्टी भरता येत नाही.

मी सगळ्याचे फोटो काढून त्याला पाठवले. हनुवटीचे टाके, प्लास्टर, तुटलेली जागा. त्याचं उत्तर आलं, "वापरलेला माल परत घेतला जात नाही." मी लिहिलं, "परत घ्या म्हणत नाही. तडा लपवून का विकलात ते सांगा."  मग आलं, "ताई, वाईट वाटलं. पण आजींना या वयात सायकल कशाला चालवू देता?" मी उत्तर लिहीपर्यंत त्यानं मला ब्लॉक केलं होतं.

नमस्कार सांगणारा हाच तो माणूस.

ॲपवाल्यांकडं तक्रार केली. तिथं माणूस नव्हताच. "आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्हाला खेद आहे," असं कुठलं तरी यंत्र मला सांगत राहिलं. वस्तू कोणत्या प्रकारची, घरगुती की खेळाचं साहित्य, असं विचारलं. मी घरगुती म्हटलं. मग म्हणालं, घरगुती वापरलेल्या वस्तूंची जबाबदारी खरेदीदाराची. मी खेळाचं साहित्य म्हटलं, तर म्हणालं, खेळाच्या साहित्यानं झालेल्या इजेची जबाबदारी वापरणाऱ्याची. आणि शेवटी विचारलं, आमची सेवा तुम्हाला कशी वाटली, तारे द्या. मी मोबाइल गादीवर आपटला. जमिनीवर आपटला असता तर नुकसान माझंच झालं असतं, एवढं भान होतं.

पार्सलवरच्या चिठ्ठीवर दुकानाचा पत्ता होता. शाळेतून रजा घेतली आणि मी एकटीच सोलापूरला जायला निघाले, तर आई साडी बदलून, गळ्यात हाताची झोळी अडकवून दारात उभी.

"तू कुठं?" मी विचारलं.

"पडलं कोण?" ती म्हणाली.

तुळजापूरवरून एसटीनं गेलो. मोडका चिमटा कापडी पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. घाटात गाडी वळली की तो टोचायचा. आई खिडकीतून बाहेर बघत होती. मी काय काय बोलायचं ते मनात घोळत होते आणि दर वळणावर आणखी संतापत होते.

दुकान पहिल्या मजल्यावर होतं. काचेचा दरवाजा, आत थंडगार. कंदील, तांब्याचे हंडे, जुने टेलिफोन, जात्याची तळी. भिंतीवर एक अख्खी लेडीज सायकल टांगलेली, तिच्या टोपलीत प्लास्टिकची फुलं. आईनं त्या सायकलकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. तो स्वतः गल्ल्यावर होता. तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. एक जोडपं सामान बघत होतं. हायवेला त्यांचं नवीन हॉटेल उघडणार होतं, त्याच्या सजावटीसाठी.

"या मावशी, बसा. पाणी घ्या," तो म्हणाला. आई खुर्चीत बसली, दोन घोट पाणी प्यायली. तिच्या हाताकडं बघूनही त्याला काही कळलं नाही. मी पिशवीतून चिमटा काढून त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवला. तेव्हा कळलं.

"अरेरे," तो म्हणाला. "ते तुम्हीच का. फार लागलं का मावशी?"

"तडा होता हे तुम्हाला माहीत होतं का?" मी विचारलं.

"त्याचं काय आहे ताई, आमचा माल शोभेचा असतो. लोक भिंतीवर लावतात, दिवे करतात. चालवायला कोण घेतं?"

मी मोबाइल काढून त्याचंच वाक्य त्याच्यासमोर धरलं. चालू कंडिशन. खाली माझा प्रश्न, आणि त्याच्याखाली त्याचं बिनधास्त घ्या.

तो वाचून म्हणाला, "चालू म्हणजे दिसायला चालू हो."

मी बत्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकतेय. इतकी निर्लज्ज थाप एकाही पोरानं मला मारलेली नाही. "आणि पुट्टी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, हॉटेलवालं जोडपं आमच्याकडं बघायला लागलं होतं.

"ते पेंटर करतो. मी काही त्याच्या मागं उभा राहत नाही." मग तो आईकडं वळला, आवाज आणखी मऊ करून म्हणाला, "मावशी, रागावू नका, लेकरासारखा आहे म्हणून सांगतो. या वयात तुम्ही..."

"थांबा," आई म्हणाली.

ती बसली होती ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. पण दवाखान्यात दारू पिऊन आलेल्या नवऱ्यांशी ती ज्या आवाजात बोलायची, तो आवाज मी ओळखला.

"माझं वय काय ते माझ्या तोंडावर दिसतंय. मी ते लपवून सायकलवर बसले नव्हते. तडा तुम्ही लपवला. दिसत होता म्हणून लपवला. तेवढं बोला."

 समोरच्या खुंटीवर दुसरा एक चिमटा टांगलेला होता, तसाच काळा, तशाच सोनेरी रेघांचा. माझा तोल गेला. मी पर्समधून घराची किल्ली काढली आणि त्या चिमट्याच्या खांद्यावर कराकरा ओढली. रंगाचे पापुद्रे खाली पडले.

"अहो, काय करताय! नुकसान कोण भरून देणार?" तो ओरडला. गोडवा संपला.

मी घासतच राहिले. खाली पुट्टी नव्हती. तडा नव्हता. स्वच्छ, अखंड लोखंड होतं.

"बघा!" तो म्हणाला. "बघा, आहे का काही? उगाच बदनामी करता लोकांची. चांगला पीस आहे तो!"

माझा चेहरा उतरला. किल्ली हातात तशीच राहिली. मग आई खुर्चीतून म्हणाली, "म्हणजे चांगला होता तुमच्याकडं. मग आमाला हा का पाठवला?"

 त्यानं जोडप्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. "तो आधीच यांच्या हॉटेलसाठी ठेवलेला होता," तो म्हणाला. "जोडीनं लावायचा होता, सायकलबरोबर. भिंतीवर."

मी आजवर खूप गोष्टींवर चिडले असेन, पण तेव्हा जे झालं तसं कधी झालं नव्हतं.  अखंड चिमटा भिंतीवर टांगला जाणार होता. आणि तडा गेलेला, पुट्टी भरलेला माझ्या आईला पाठवला, ती तो रस्त्यावर चालवणार आहे हे मी स्वतः त्याला लिहून कळवलेलं असूनही. त्यानं निष्काळजीपणानं नाही केलं ते. दोन्ही समोर ठेवून निवडलं.

हॉटेलवाली बाई पुढं आली. "आम्हाला नको तो," ती म्हणाली. "यांना द्या. आणि आमची बाकीची ऑर्डरही राहू द्या."

"न्हाय बाई," आई तिला म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे, पण ह्या दुकानातलं मला काही नको."

जोडपं निघून गेलं. मग त्याचा खरा आवाज निघाला. आम्ही धंदा बुडवायला आलोय, त्यानं असे लई बघितलेत, ॲपवर काही लिहिलं तर तोही गप्प बसणार नाही. आणि त्याच दमात म्हणाला, "तुमचे पैसे परत करतो, विषय संपवा."

"पैसे राहू द्या. चूक झाली म्हणा," आई म्हणाली.

"चूक कसली? मी काय ढकललं का तुम्हाला?"

त्या माणसाला पैसे द्यायची तयारी होती. एक शब्द द्यायची नव्हती. आई उठली, टेबलावरचा चिमटा डाव्या हातानं पिशवीत टाकला आणि म्हणाली, "चल." जिन्यात ती एका पायरीवर थांबली. मला वाटलं चक्कर आली. तर म्हणाली, "पाणी प्यायला नको होतं त्याचं."

मी ग्राहक आयोगात तक्रार केली. वकिलाशिवाय, माझी मीच लिहिली. फोटो, त्याचे मेसेज, दवाखान्याचे कागद सगळं जोडलं. भाऊ म्हणाला, एवढ्याशा चिमट्यासाठी? मी म्हटलं, चिमट्यासाठी नाही. तारखा पडत गेल्या. पहिल्यांदा तो आला नाही, नंतर त्याचा वकील आला. वकिलानं उभं राहून जे पहिलं वाक्य म्हटलं ते मला तोंडपाठ होतं, की अर्जदाराच्या मातोश्रींचं वय बघता त्यांनी सायकल चालवणं हाच मुळात निष्काळजीपणा आहे. मी उठून उभी राहिले. मला बसायला सांगितलं. बसले. पण मोडका चिमटा पुढं ठेवला गेला, तुटलेल्या जागेची गंजलेली बाजू सगळ्यांनी हातात घेऊन बघितली, आणि त्यापुढं वयाचा मुद्दा कुणी काढला नाही.

निकाल आमच्या बाजूनं लागला. उपचाराचा खर्च आणि भरपाई त्यानं वकिलामार्फत मुकाट्यानं भरली. सगळे म्हणाले, झालं ना, जिंकलात. आईनं विचारलं, "तो काय म्हणाला?" मी म्हटलं, काही नाही. "मग," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला लागली. डाव्या हातानं.

ॲपवर त्याचं खातं बंद झालं. थोड्याच दिवसांत एका वेगळ्याच नावानं जाहिरात आली, एका जुन्या सायकलच्या हँडलची. तेच लाकडी टेबल, तीच पितळी फुलदाणी. चालू कंडिशन. मी तिथं तक्रार केली. यंत्रानं माझ्याकडं पुन्हा तारे मागितले. आता मी दर रविवारी त्याच्या जाहिराती शोधते आणि प्रत्येकीखाली लिहिते, घ्यायच्या आधी रंग खरवडून बघा. तो ते काढून टाकतो. मी पुन्हा लिहिते. याला नवरा खूळ म्हणतो. असू दे.

सायकलचं पुढं असं झालं. चाचांना त्या सगळ्याचा फार मनस्ताप झाला होता. ते घरी येऊन आईसमोर खाली मान घालून बसले. आई म्हणाली, "तुमचं काय चुकलं, चाचा? रंगाखालचं कुणाला दिसतंय?" मग त्यांनीच साध्या नव्या सायकलचा चिमटा आणला, वरची नळी लेथवर कापून आणली, दांड्यांचे ब्रेक काढून तारेचे बसवले. चिमटा निळा आहे, सायकल काळी. रंगवू का म्हणाले, तर आई म्हणाली, "रंग नको. जसा आहे तसा दिसू द्या."

प्लास्टर निघाल्यावर, भावाला न सांगता, तिनं सायकल पुन्हा बाहेर काढली. आता ती जाते टाकीपर्यंत, कधी बाजारापर्यंत. गतिरोधकाच्या आधी उतरते, सायकल हातानं पलीकडं नेते आणि पुन्हा बसते. पूर्वी ती उतरत नव्हती. समोरची बाई बघते आणि माझ्याकडं बघून मान हलवते. मी तिकडं लक्ष देत नाही.

पण उजव्या मनगटात पहिला जोर राहिलेला नाही. डॉक्टर म्हणतात, या वयात एवढं आलं हेच खूप. डबीचं झाकण निघत नाही, भाकरी थापताना हात मधेच थांबतो. कपडे धुताना ती ओलं लुगडं पिळायला घेते, एक वेढा देते आणि मग ते माझ्याकडं सरकवते. मी पिळते. पाणी कधीच गळायचं थांबलेलं असतं, तरी पिळत राहते.